वाढलेली झडप

दुपारची जेवणे आटोपून चाळ जराशी पेंगली, गॅलरीतल्या बालद्यांची आदळआपट थांबली, समोरच्या बिऱ्हाडातला टीव्ही कुणीतरी बंद केला, की तो आवाज ऐकू येऊ लागतो. बारीक, कोरडा, धातूचा. जुने मनगटी घड्याळ कानाशी धरावे तसा. क्षणभर वाटते, शेजारच्या खोलीत काही वाजते आहे. मग वाटते, भिंतीत आहे. आणि मग नकळत हात छातीवर जातो आणि कळते की तो माझ्या आतच आहे. माझ्या हृदयात एक कृत्रिम झडप बसवली आहे. रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी ती उघडते, मिटते आणि मिटताना वाजते. ती वाजते आहे तोवर मी आहे. केवढे साधे, आटोपशीर सत्य! पण ज्या दिवशी ते मला उमगले त्या दिवसापासून माझ्या कानांना विश्रांती नाही. ऐकू आले की भय वाटते, आणि ऐकू आले नाही की त्याहून मोठे भय वाटते.

तुम्ही कधी स्वतःला असे ऐकले आहे का? नसेलच. देहाची एक सभ्यता असते. तो आपली कामे गुपचूप उरकतो. निरोगी माणसाला आपले हृदय आठवते कधी? जिना चढताना, नाही तर कुणाची आतुरतेने वाट पाहताना. एरवी ते घरातल्या कर्त्या बाईसारखे कुणाच्या लक्षातही न येता राबत असते. माझेही तसेच राबत होते. लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापाने त्याची एक झडप आतून करपवून टाकली आहे, हे गिरगावातल्या माझ्या माहेरी कुणाला ठाऊक होते? चाळिशी गाठता गाठता ती बदलावी लागली. त्या वेळी बसवलेली झडप गायीच्या हृदयावरच्या आवरणापासून घडवलेली होती. माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी आई म्हणते, ते ऐकले आणि हात जोडले. आई मालवणच्या, मासळीवाचून घास न उतरणाऱ्या. पण तेव्हापासून देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून चाऱ्याची पेंडी घेतल्यावाचून त्या कधी पुढे गेल्या नाहीत. ती झडप मुकी होती. ती माझ्या आत आहे हे मी वर्षानुवर्षे विसरून गेले. दादरच्या शाळेत मराठी शिकवले, काळाचौकीतल्या या चाळीचा जिना हव्या तितक्या वेळा चढले-उतरले, लग्नाकार्यांतून मिरवले. आणि मग गेल्या हिवाळ्यात पहिल्या मजल्यावरच दम लागू लागला.

झडप झिजली होती. अशी झडप कधी ना कधी झिजतेच, हे डॉक्टरांनी पहिल्या वेळीच सांगितले होते. आम्हीच ते सोयीस्कर विसरलो होतो. माझा नवरा सुधीर रुग्णालयातून घरी येऊन आईंना म्हणाला, "जुनी झडप खराब झाली. परत ऑपरेशन करायला लागणार." आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "खराब झाली म्हणू नये रे. वाढली म्हण."

हा शब्द मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले. मूल वाढते, वेल वाढतो, ताटात भात वाढतात. आणि तोच शब्द काचेची बांगडी फुटली तर 'वाढली', मंगळसूत्र तुटले तर 'वाढले', देवापुढे नारळ फोडायचा तर तो 'वाढवायचा', दुकानाच्या फळ्या लावून घरी जायचे तर दुकानही 'वाढवायचे'. जिथे काही फुटते, तुटते, संपते, तिथे आपली भाषा जीभ चावते आणि घाईघाईने नेमका उलटा शब्द उच्चारते. वर्गात मुले हसायची. "बाई, मग पेन्सिल तुटली तर वाढली म्हणायचं का?" मीही हसायची, फळ्यावर 'अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी' असे काहीतरी भारदस्त लिहायची आणि पुढच्या शब्दाकडे वळायची. त्या एका क्रियापदाच्या पोटात किती बायकांचे भय पिढ्यान्‌पिढ्या साठत आले आहे, हे मला फळ्यासमोर कधी कळले नाही. ते कळले शस्त्रक्रियेच्या सकाळी.

हातातल्या हिरव्या बांगड्या निघेनात. हात सुजले होते. साबण लावून झाला, तेल लावून झाले. केरळकडची तरुण परिचारिका, मराठी जेमतेम येणारी, आईंना निरागसपणे म्हणाली, "आजी, तोडायला लागेल." आईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी तिचे मनगटच धरले. "तोडूचे म्हणू नको गो बाय. वाढवूचे म्हण." तिला त्यातले काही कळले असेल असे वाटत नाही; पण समोरच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर तिने काय वाचले कोण जाणे, तो अनोळखी शब्द तिने अडखळत उच्चारला, "वाडवते हां, आजी," आणि रुमालाखाली धरून एकेक बांगडी अलगद फोडली. मला खाटेसकट ढकलत नेले तेव्हा आई मागे वाकून रुमालातले तुकडे मोजून पाहत होत्या, एखादा माझ्या अंगाखाली तर राहिला नाही ना म्हणून.

पहिल्या शस्त्रक्रियेला माणूस अज्ञानाचे चिलखत घालून जातो. दुसऱ्या वेळी ते अंगावर नसते. छातीचे हाड मधोमध उघडतात, हृदय थांबवतात, यंत्रावर रक्त फिरवतात, आणि शुद्धीवर येताना घशात नळी असल्यामुळे ओरडताही येत नाही, हे सारे मी एकदा जगून आले होते. शिवाय डॉक्टरांनी समजावले होते की एकदा उघडून जुळलेल्या छातीत जुने व्रण हृदयाला हाडाशी चिकटवून ठेवतात. तिथून पुन्हा वाट काढणे अधिक जोखमीचे. एकदा वाढवलेला नारळ पुन्हा वाढवायचा तरी कसा? भुलीचे औषध शिरेत उतरत असताना माझ्या मनात देव आला नाही, सुधीर आला नाही, हा एवढा एकच प्रश्न आला. मला त्याचे हसूदेखील आले नाही.

वाचले. या वेळी बसवलेली झडप जनावराची नव्हती. कठीण, टिकाऊ, कारखान्यात घडलेली होती. ती माझ्याहून अधिक जगेल, असे डॉक्टर हसून म्हणाले. सांत्वनासाठी म्हणालेले वाक्य कधी कधी किती टोचते! श्रावण सरता सरता मला घरी आणले. जिना चढायची मनाई होती, म्हणून चाळीतल्या मंडळाच्या लोकांनी मला खुर्चीत बसवून वर नेले. पुढे तळमजल्यावरचा नितीन, ढोलपथकाचा म्होरक्या, "सावकाश रे, वहिनी आहेत, मूर्ती नाही," असे ओरडत. घरात शिरताच सगळे शांत झाले, आणि आईंनी कान टवकारले. "सुधीर, भिंतीवरचा घड्याळ तर मागे आसा. मगे ह्यां हयसर काय वाजता?" सुधीरने माझ्याकडे बोट दाखवले. आईंनी पदर तोंडाशी नेला. त्या दिवसापासून मला दोन टिकटिकी ऐकू यायच्या, एक भिंतीवरची आणि एक आतली. दोन्हींचा मेळ बसायचा नाही आणि कोणती चुकते आहे या विचाराने मला घाम फुटायचा. शेवटी सुधीरने घड्याळातला सेल काढून टाकला. आमच्या घरात आता वेळ सांगायला मी एकटीच आहे.

भय फार घरगुती असते. ते गर्जना करीत येत नाही; ते उशीत, दात घासण्याच्या ब्रशात, भाजी चिरायच्या विळीत येऊन बसते. खोकला येणार असे वाटले की मी उशी छातीशी घट्ट कवटाळते, कारण तारांनी बांधलेले हाड अजून सांधायचे आहे. शिंक आली तर? ठसका लागला तर? नितीनच्या बायकोने काही गंमत सांगितली आणि मला हसू आले तर? काळीज फाटणे, काळीज हलणे, काळजाचे पाणी होणे, हे वाक्प्रचार मी मुलांकडून वाक्यांत उपयोग करून घेतले आहेत. आता त्यांतला एकही मला मोठ्याने म्हणवत नाही. आणि या सगळ्यांहून मोठे भय रक्ताचे. परक्या वस्तूभोवती रक्त साकळायला पाहते. ते साकळू नये म्हणून मला रोज एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. रक्त फार पातळ झाले तर हिरडीतूनही थांबेना असे वाहील. फार दाट झाले तर गुठळी झडपेवर बसेल आणि तिची दारे अडतील. दोन्हीकडे खोल दरी, आणि मधून जाणारी पायवाट ताटलीएवढी रुंद. ती वाट सुटत नाही ना, हे पाहायला ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचे. निघताना डॉक्टरांनी बजावले होते, "दम लागला किंवा झडपेचा आवाज मंद झाल्यासारखा वाटला, तर वाट बघत बसू नका. लगेच या." आणि आहाराच्या बाईंनी सांगितले होते की पालेभाज्या एकाएकी जास्त खायच्या नाहीत, त्यांच्यामुळे गोळीचा प्रभाव कमी होतो.

हे शेवटचे वाक्य आईंनी मंत्रासारखे धरले. आमच्या घरातून पालक गेला, मेथी गेली, चवळी गेली, शेपू गेला. लालबागच्या बाजारात भाजीवाली हिरवी जुडी पुढे करायची आणि आई तिच्याकडे विषाच्या पुडीकडे पाहावे तशा पाहायच्या. कोथिंबीरसुद्धा आमटीतून वेचून काढायच्या. मला दुधी, मला पडवळ, मला कधी मुगाचे वरण. चव कशाची ती नव्हतीच. औषधांनी जिभेवर जस्ताचा पत्रा बसवला होता. तरी आई समोर बसून, हातात पळी घेऊन, दर दोन घासांनी विचारायच्या, "वाडू काय गो?" आणि मी मान हलवून नको म्हणायची.

त्यात गणपती आले. आमच्या घरचा गणपती गावी, दिरांकडे. आईंनी आयुष्यात एकही चतुर्थी चुकवली नव्हती. या वर्षी चुकवली. सुधीरने गाडीचे तिकीट काढू का विचारले तेव्हा माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "यंदा माझो गणपती ह्या खाटीर आसा." मी भिंतीकडे तोंड वळवले. आणि खाली काळाचौकी जागी झाली. रोषणाईची तोरणे, मंडपाचे भोंगे, गल्लीभर बांबूंचे कठडे घालून आखलेली दर्शनाची रांग. ढोल वाजू लागला की खिडकीची तावदाने थरथरतात, खाट थरथरते, छातीतल्या ताराही थरथरतात. या आवाजावर मी जन्मभर प्रेम केले आहे. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी गॅलरीत उभी राहून भान हरपून तो ऐकला होता. या वर्षी मात्र तो सुरू झाला की मला माझा आवाज ऐकू येईना. हात छातीवर ठेवावा तर हातालाही ढोलच लागे. झडप वाजते आहे की थांबली? कुणाला विचारू? परळचे ते रुग्णालय आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण या दिवसांत हाकेच्या अंतरावर पोचायचे तर लाखभर माणसांतून जायचे. गिरगावात बहिणीकडे जावे, तर सारे गणपती शेवटी तिच्याच दारावरून चौपाटीला जाणार. पळून जावे अशी जागाच या शहरात या दिवसांत नसते, आणि एरवी मला त्याचा किती अभिमान होता!

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आईंचा उपास. नांगर न लागलेल्या मातीतले, बैलाच्या श्रमावाचून पिकलेले तेवढेच खायचे, असा त्या दिवसाचा नेम. गॅलरीत आई जुन्या रंगाच्या डब्यांतून अळू लावतात. वर्षभर त्या अळूला कुणी हात लावायचा नाही, ते या दिवसासाठी. सकाळीच त्यांनी ते खुडले. त्यात माठ, माठाचे जाड देठ, भेंडी, लाल भोपळा, शिराळे, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची. फोडणी नाही, मसाला नाही. मोठे पातेले मंद आचेवर चढले आणि घरभर एक हिरवा, ओला, आंबूस वास पसरला. आणि काय सांगू, त्या वासाने माझ्या जिभेवरचा पत्रा वितळला! रुग्णालयानंतर पहिल्यांदा मला भूक लागली. खरीखुरी, लहान मुलासारखी अधीर भूक.

आईंनी ऋषीची भाजी वाढली. मी खाल्ली. "वाडू काय गो?" हो. "आणि वाडू?" हो, आणखी. आईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. सून जेवते आहे, देव पावला. ही भाजी मुरली की अधिक चवदार लागते, म्हणून दुसऱ्या दिवशीही तीच, तिसऱ्या दिवशी पातेले पुसून तीच. तुम्ही म्हणाल, घरात शिकलेली माणसे, कुणाच्या लक्षात कसे आले नाही? पण नाही आले. पालेभाजी म्हणजे जुडीत बांधून येते ती. पालक, मेथी, चवळी. ऋषीची भाजी ही पालेभाजी आहे, असे आमच्या घरात आजवर कुणाच्या मनातही आले नव्हते. ती ऋषीची. तिला आम्ही भाज्यांत धरतच नाही. शब्दांवर जन्म काढलेली मी, एका शब्दाच्या कुंपणापलीकडे पाहू शकले नाही.

रक्त तपासायचा ठरलेला दिवस नेमका गौरी-गणपतींच्या विसर्जनाचा निघाला. सकाळी नमुना गेला. दुपारी डॉक्टरांचा फोन आला, आणि सुधीरचा चेहरा पाहूनच मला कळले. रक्त दाट झाले होते. नुसते थोडे नव्हे, चांगलेच. "गोळी चुकली का? नाही? मग खाण्यात काही बदल? पालेभाजी?" सुधीर ठामपणे म्हणाला, "छे, पालेभाजी तर घरात येतच नाही. आई आणूनच देत नाही." मग जरा थांबून, सवयीने, "फक्त ऋषीची भाजी खाल्ली तिने," आणि वाक्य संपता संपता तो गप्प झाला. पलीकडून डॉक्टरांनी विचारलेला एक शब्द मला फोनबाहेरही ऐकू आला. "अळू?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सुधीरने त्यांना काही सांगितले नाही. सांगायची गरज पडली नाही. त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझ्या हातान तुका इख घातलंय गो," एवढेच म्हणाल्या. मी त्यांना काही म्हणायला हवे होते. पण मी ऐकत होते. बाहेर ताशा कडाडत होता आणि मी माझ्या आत उतरून, जीव कानांत गोळा करून, ती बारीक कोरडी टिकटिक शोधत होते. सापडत नव्हती. दम लागला होता का? लागला होता. पण तो गुठळीने की भीतीने, हे सांगणारे कोण होते? मी मरणार, असे मला अगदी स्वच्छ वाटले. ते सांगायला लाज कशाला? मला जगायचे होते, आणि एका पातेल्याभर भाजीपायी मरायचे नव्हते, आणि मेले तर या बाईने उरलेले दिवस कसे काढायचे, या विचाराने मला दुप्पट भय वाटले.

रुग्णवाहिका हमरस्त्यावर येऊन उभी राहिली. गल्लीत शिरणे शक्यच नव्हते. पुन्हा तीच खुर्ची, पुन्हा नितीन आणि त्याची माणसे. "वहिनी, टेन्शन नका घेऊ, आपण आहोत ना." उशी छातीशी धरून मी खाली उतरले आणि गर्दीच्या भिंतीसमोर आले. गुलाल, घाम, अगरबत्ती, डोक्यावरून निघालेले लहान-मोठे गणपती, आणि ढोल. नितीनने गळ्यातली शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात वर केले. "ए, वाजवणं बंद कर रे! पेशंट आहे, पेशंट! बाजू घ्या, बाजू घ्या!" पुढचा ताशा थांबला. मग त्याच्या मागचा. मग ढोल, एकामागून एक, लांबवर, वळणापलीकडे, कुणाला कारण माहीत नसतानाही थांबत गेले. भोंगाही कुणीतरी बंद केला. बायकांनी लेकरांना ओढून कडेला घेतले, डोक्यावर मूर्ती घेतलेला एक गृहस्थ भिंतीशी अंग चोरून उभा राहिला, आणि काळाचौकीत, गौरी-गणपतीच्या दुपारी, एवढी शांतता झाली की खुर्ची उचलणाऱ्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यावा.

आणि तो ऐकू आला. टिक्. टिक्. टिक्. फार झपाट्याने, भेदरल्यासारखा, पण तोच. खुर्चीचा डावा हात धरलेला नितीन चालता चालता इकडेतिकडे बघू लागला. "वहिनी, हे काय वाजतंय?" मी म्हटले, "मीच." त्याला काही समजले नाही. मी रडू लागले होते, आणि रडणेही मना होते, म्हणून उशी आणखी घट्ट धरली.

पण तो आवाज मंद होता का? पूर्वी होता तसाच होता का? हे काही मला सांगता येईना, आणि रुग्णालयाच्या पडद्यावर माझे हृदय करड्या धुक्यातून हलताना दिसेपर्यंत ते भय माझ्या शेजारी बसून राहिले. मग पडद्यावर बोट टेकवून डॉक्टरांनी दोन बारीक रेघा दाखवल्या, उघडणाऱ्या, मिटणाऱ्या, उघडणाऱ्या. "दोन्ही पाकळ्या हलताहेत. गुठळी नाही." पोटात इंजेक्शने घेत मी तिथे पडून राहिले, रक्त पुन्हा त्या अरुंद वाटेवर येईपर्यंत. निघताना ते म्हणाले, "गोळी थोडी वाढवली आहे." त्या क्रियापदाने मी दचकले, मग कळले की इथे त्याचा अर्थ सरळ आहे. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी आम्ही पहिल्या वेळी नीट ऐकलीच नव्हती: पालेभाजी बंद करायची नाही. रोज थोडी खायची, आणि रोज सारखीच. म्हणजे गोळीला तिची सवय होते.

घरी आले तेव्हा विसर्जन होऊन गेले होते. गल्लीत बांबू उपसून रचलेले, तोरणे अर्धी उतरलेली. गॅलरीतले अळूचे डबे रिकामे दिसले. आईंनी अळू मुळाशी कापून टाकले होते. त्याहून वाईट म्हणजे, त्या जेवताना काही विचारत नव्हत्या. ताट वाढून आणून ठेवायच्या आणि दाराशी जाऊन बसायच्या, माझ्याकडे न बघता. भात, मुगाचे वरण, दुधी. 'वाडू काय?' हा प्रश्न आमच्या घरातून भिंतीवरच्या घड्याळासारखा बंद पडला होता. सुधीरने त्यांना डॉक्टरांचे म्हणणे परोपरीने समजावले. त्यांनी नुसती मान हलवली. मी हात धरून म्हटले, "आई, तुमची चूक नाही. मलाही कळलं नाही." त्यांनी हात सोडवून घेतला. भय माणसाला परक्यापेक्षा आपल्याच माणसाकडून अधिक लपवावेसे वाटते, नाही? आम्ही दोघी एकाच खोलीत, एकाच आवाजाकडे कान लावून, एकमेकींपासून तोंड चुकवून राहत होतो.

एका सकाळी गॅलरीच्या कठड्याशी गेले तर डब्यातल्या मातीतून अळूच्या पानाची हिरवी सुरळी वर आलेली. कापले होते ते पान. गड्डा आत तसाच होता. मी आईंना हाक मारून दाखवली. त्या पाहत राहिल्या आणि आत गेल्या. ते पान उलगडायची मी वाट पाहिली. त्याच्या शेजारी दुसरे आले. मग आजच, सकाळी, मी आईंना म्हटले की मला अळू हवे, पळीभरच, आणि उद्याही पळीभरच, आणि परवाही. त्या कितीतरी वेळ विळीकडे पाहत बसल्या. मग उठल्या आणि दोन पाने खुडली.

आत्ता दुपार आहे. चाळ पेंगते आहे. आई माझ्यासमोर बसल्या आहेत, त्यांच्या हाती छोटे पातेले आहे आणि पळी पातेल्यात बुडालेली आहे, पण वर येत नाही. शेवटी त्यांनी पातेले खाली ठेवले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि पदर सावरत कान माझ्या छातीला लावला. खोबरेल तेलाचा वास आला. मी श्वास धरला. त्या ऐकत राहिल्या, कितीतरी वेळ, एवढा वेळ की मला पुन्हा भीती वाटू लागली. त्यांना काही वेगळे ऐकू येते आहे का?

"वाजता," त्या म्हणाल्या. जागेवर जाऊन बसल्या. पळी उचलली. अळूचा एक थेंब फरशीवर पडला.

"वाडू काय गो?"

भीती मला होती. त्यांना माझ्याहून जास्त होती. मी ताट पुढे सरकवले आणि म्हटले, "वाढा."